समोरची नळी

रुवीत, शिंप्याच्या दुकानावरच्या दवाखान्यात
माझं यंत्र आहे.
झाकण लावलं की आधी घुरघुरतं,
मग पंधरा मिनिटं एकच सूर धरतं.
बाहेर चव्वेचाळीस अंश.
आत एसीचं पाणी बादलीत टपटपतं.

जयदास कडू, वय एकतीस, उरणकडचा.
सोहारच्या बंदरात क्रेनला साखळ्या अडकवतो,
शुक्रवारी मॅटवर कबड्डी.
डावा गुडघा. चढाईवरून परतताना
रेषेला बोट टेकलं आणि आत काहीतरी कट् झालं.
गुण मिळाला,
हे तो गुडघ्याच्या आधी सांगतो.

हुसाम डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं,
आठवडाभर दुखण्याची गोळी बंद,
गोळीने रक्तातले कामगार झोपी जातात.
सात दिवस त्याने दुखणं कोरडंच गिळलं,
साखळ्या लावत, शिडी चढत,
आणि आठव्या दिवशी पहाटेची बस धरून आला.

रक्त काढताना भिंतीकडे बघत होता.
"ताय, माझाच रगात मनाच देनार?"
हो, म्हटलं.
"मंग पैशे कशाचे?"
फिरवण्याचे.
हसला, तेवढ्यात सुई निघालीसुद्धा.
पंच्याऐंशी रियाल. विम्यात बसत नाही.
संघाने वर्गणी काढलीय,
रेफ्रीनेसुद्धा पाच टाकलेत.

यंत्राला एकटी नळी चालत नाही.
समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी लागते,
नाहीतर ते थरथरतं,
टेबलावरून चालायला लागतं.
दुसरा पेशंट नसला की मी पाणी भरते,
काट्यावर तोलून, थेंबाथेंबाने.
तीही तेवढीच गरगरते, तेवढ्याच वेगाने.
तिच्यात वर काही येत नाही, खाली काही बसत नाही.
झाकण उघडलं की बेसिनमध्ये.

गुहागरला माझी थोरली बहीण
माझ्या मुलीच्या वेण्या घालते, नऊ वर्षं झाली.
मुलगी एकदा फोनवर मला मावशी म्हणून गेली.
दोघी हसलो.
फोन ठेवल्यावर मी बराच वेळ
स्वच्छ असलेली भांडी घासत बसले.

गेल्या रमजानपासून
पाण्याच्या नळीवर मी मार्करने नाव लिहिते: वासंती.
हुसाम डॉक्टरांनी एकदा वाचलं.
"ही कोण पेशंट?"
बॅलन्स, म्हटलं.
त्यांनी मान हलवली. त्यांची आई इस्माइलियाला असते.

यंत्र थांबलं.
खाली गडद लाल, जड, मुकाट.
मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा पांढुरका पदर.
वर पिवळं,
नव्या पेंढ्याच्या रंगाचं.
"अवराच?" जयदास म्हणाला.
एवढंच. तुझंच आहे, जपून बघ.

सुई गुडघ्यात शिरली तेव्हा
त्याने छाती भरून घेतली
आणि एका दमात, डोळे मिटून,
कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी,
सुई बाहेर येईपर्यंत.
नर्स शीबा घाबरली, तिला वाटलं मंत्र म्हणतोय.
दम तुटला नाही.

लागू पडेलच असं नाही.
डॉक्टर हे पैसे घेण्याआधी सांगतात,
आणि माणसं ऐकून न ऐकल्यासारखी सही करतात.

जिना उतरताना मी कान दिला:
एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर.
पुन्हा एक, पुन्हा त्याच पायरीवर.

सहा आठवड्यांनी जिना पुन्हा वाजला.
मी मोजत होते.
एक पायरी, एक पाय. एक पायरी, एक पाय.
सातव्या पायरीवर थांबला.
दुखलं, की फोन आला, की नुसताच,
इथून कळायला मार्ग नव्हता.
मग पुन्हा, एक पायरी, एक पाय.

त्या दिवशी माझ्याकडे दोन पेशंट होते,
दोन्ही नळ्या लाल.
पाणी भरायचं राहिलं, नाव लिहायचं राहिलं.
रात्री मी गुहागरला फोन लावला
आणि मुलीला म्हटलं,
आधी मावशीला दे.